चंबळच्या बंदुका

ग्वाल्हेरच्या दाना ओलीत राहणाऱ्या मराठी माणसास चंबळचे खोरे दूरचे नाही. भिंड व मुरैना हे शेजारचेच जिल्हे.

अमेरिकेत २००५ साली दूरचित्रवाणीवर 'शूटआऊट' ही मालिका सुरू झाली. सैनिक व पोलीस यांच्या खऱ्याखुऱ्या चकमकी तीत पुन्हा घडवून दाखवीत. चंबळवर अशी मालिका काढावयाची, तर प्रसंगांस तोटा नाही. १९५५ साली मानसिंग मारला गेला, १९५९ साली गब्बरसिंग. गब्बरसिंग मारला गेला त्या वेळी मध्यप्रदेशचे पोलीसप्रमुख होते कामठीत जन्मलेले रुस्तमजी. प्राण पणास लावून पोलिसांनी केलेले कर्तव्य थोरच.

परंतु मे १९६० मध्ये याच खोऱ्यातून आपले विनोबा निःशस्त्र, पायी हिंडले. मानसिंगाचा मुलगा तहसीलदारसिंग याने तुरुंगातून त्यांना पत्र धाडले होते. २० डाकूंनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली व ते कायद्याच्या स्वाधीन झाले. १९७२ साली जौरा येथे जयप्रकाशांसमोर पुष्कळांनी तोच मार्ग धरला.

आईबापहो, चकमकी मुले पडद्यावर पाहतीलच. शस्त्रे खाली ठेवणाऱ्यांची ही हकिगत मात्र जेवणानंतर आपणच त्यांना सांगावी.