अठरा दिवसांचा हंगाम

महिला फुटबॉलवर आपल्याकडे लिहिले जाते ते बहुधा जिद्दीच्या अंगाने. मला मात्र वेळापत्रके वाचायची सवय आहे. एखादा खेळ खेळाडूला पोसतो की नाही, हे त्यांतून लवकर कळते.

भारतीय महिला लीगचा पहिला हंगाम दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर २८ जानेवारी २०१७ रोजी सुरू झाला आणि १४ फेब्रुवारीला संपला. सहा संघ, अठरा दिवस. त्या सहांत महाराष्ट्राचा एफसी पुणे सिटी होता. प्रत्येक संघ इतरांशी एकेकदा खेळला, मग उपांत्य सामने आणि अंतिम सामना. मणिपूरच्या ईस्टर्न स्पोर्टिंग युनियनने विजेतेपद मिळवले. उपांत्य फेरी न गाठणाऱ्या संघातील मुलीची लीग पाच सामन्यांत आटोपली. पहिल्या दिवशी घोटा मुरगळला, तर तेवढेही नाहीत.

याला स्पर्धा म्हणावे. लीगमध्ये संघ एकमेकांच्या गावी जातात, महिनोन्‌महिने खेळतात. म्हणून क्लबला प्रशिक्षक, फिजिओ आणि पगार यांची सोय दीर्घकाळ करावी लागते. दुखापत झालेली खेळाडू त्याच हंगामात परतू शकते.

जपाननेही १९८९ मध्ये सहाच संघांनिशी सुरुवात केली होती. नव्वदीच्या मंदीत कंपन्यांनी हात आखडते घेतले, काही संघ बंद पडले. लीग चालू राहिली. २०११ मध्ये जपानी महिला विश्वविजेत्या झाल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये तिथे ‘वी लीग’ ही व्यावसायिक लीग सुरू झाली. अकरा क्लब, प्रत्येकाचे वीस सामने, मे महिन्यापर्यंत. विजेता कोबे शहराचा आयनॅक. संघ अकरा, म्हणजे विषम. त्यामुळे प्रत्येक फेरीत एक क्लब मोकळा राही. त्या क्लबच्या खेळाडू तेव्हा सामाजिक उपक्रम करीत. मोकळ्या दिवसालाही वेळापत्रकात काम होते.

हा हंगाम मध्यावर असताना, जानेवारी २०२२ मध्ये, महिला आशियाई चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात भरला. वी लीगमधील अनेक खेळाडू जपानकडून खेळल्या. बालेवाडीतील उपांत्य सामन्यात २-२ अशा बरोबरीनंतर पेनल्टींवर चीनने त्यांना हरवले. यजमान भारताला संघातील कोविडमुळे स्पर्धा अर्धवट सोडावी लागली. त्याची हळहळ सर्वांना झाली. पण आपली राष्ट्रीय लीग फेब्रुवारी २०२० नंतर झालीच नव्हती, याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही.

आम्हा नाशिककरांना कविता राऊत ठाऊक आहे. सावरपाड्याची ही मुलगी धावत पुढे गेली. धावणाऱ्या मुलीला निदान एकटीने सराव करता येतो. फुटबॉलपटूला सोबत दहाजणी आणि समोर अकराजणी लागतात. त्यांना वर्षभर एकत्र ठेवणारी व्यवस्था म्हणजे लीग.

२०२३-२४ पासून भारतीय महिला लीग घरच्या आणि परक्या मैदानांवर होऊ लागली. सात क्लब, प्रत्येकी बारा सामने. सुधारणा खरी, पण त्या सातांत महाराष्ट्राचा एकही नव्हता. पुणे सिटी २०१९ मध्येच बंद पडला होता. तालमींच्या फुटबॉलवर जीव टाकणाऱ्या कोल्हापूरचा एफसी कोल्हापूर सिटी २०१८-१९ च्या हंगामात होता, तोही आता नाही. म्हणजे लीग लांबली तेव्हा आपण बाहेर होतो. आपल्या मुलींच्या गुणवत्तेची चर्चा जरूर करावी. त्याआधी त्यांना वर्षाला किती सामने मिळतात, हे मोजावे.