सातपुड्यातील जीप व तिचा जीर्णोद्धार

तापीकाठच्या काळ्या सपाटीवरून तळोदा मागे टाकून चांदसैलीचा घाट चढू लागले, म्हणजे नंदुरबार जिल्ह्याचे दोन भिन्न स्वभाव एकामागून एक प्रत्ययास येतात. खाली ऊस, केळी, कापूस व मिरचीचा संपन्न मुलूख. वर पाड्यापाड्यांत विखुरलेला, नाल्याओढ्यांनी चिरलेला अक्राणी महाल, जेथे आजही नर्मदेच्या फुगवट्याकाठच्या काही वस्त्यांना दवाखाना नावेतूनच गाठतो. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यापासून विभक्त झालेल्या या जिल्ह्याच्या दोन्ही अंगांना ज्या यंत्राने, डांबरी रस्ता पोहोचण्यापूर्वी, दीर्घकाळ एकत्र बांधून ठेवले, ते यंत्र म्हणजे जीप. आता ती गोठ्यामागे वा गॅरेजच्या कुंपणालगत, चाकांतील हवा गेलेल्या अवस्थेत उभी आढळते, आणि एखाद्या हौशी तरुणाच्या मनात तिला पुन्हा चालती करण्याची इच्छा उत्पन्न होते.

जीपचा जन्म युद्धातला. 1941 ते 1945 या काळात विलीज व फोर्ड या दोन अमेरिकन कारखान्यांनी मिळून सुमारे 6 लाख 40 हजार जीपा घडविल्या आणि युद्ध संपताच विलीजने तीच गाडी शेतकऱ्याच्या उपयोगाची म्हणून बाजारात आणली. इकडे 2 ऑक्टोबर 1945 रोजी पोलादाच्या व्यापारासाठी ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही पेढी स्थापन झाली होती. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, 1948 साली पेढीने ‘महिंद्र अँड महिंद्र’ हे नाव धारण केले, आणि मुंबईत जहाजाने आलेले सुटे भाग जोडून विलीजच्या जीपा उभ्या करण्याचे काम सुरू झाले. 1953 साली अमेरिकेत अवतरलेली ‘सीजे-थ्री-बी’ तेथे 1968 मध्ये बंद पडली, परंतु आपल्याकडे नाना नावांनी व नाना इंजिनांनिशी तिचा वंश पुढे कित्येक वर्षे चालत राहिला.

तिला मिस्त्री लोक ‘हाय बोनेट’ म्हणतात, आणि त्या उंच बोनेटाचे कारण सौंदर्यदृष्टीत नसून इंजिनाच्या रचनेत आहे. जुन्या विलीज इंजिनात दोन्ही प्रकारचे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये बाजूला असत. नव्या ‘हरिकेन’मध्ये आत घेणारा व्हॉल्व्ह हेडमध्ये वर गेला, बाहेर सोडणारा ब्लॉकमध्येच राहिला, त्यामुळे इंजिन उंचावले व त्यावर झाकण घालण्यासाठी बोनेटही उचलावे लागले. सिलिंडरचा व्यास सुमारे 79 मिलिमीटर, तर पिस्टनची धाव 111. अशा लांब धावेचे इंजिन वेगाच्या कामाचे नसते, पण मंद फेऱ्यांतही ते जोर टिकवून धरते; त्यात ट्रान्स्फर केसचा खालचा गियर हा जोर आणखी सुमारे अडीचपट करतो, म्हणूनच ही गाडी माणसाच्या पावलाच्या वेगाने, न गुदमरता, दगडगोट्यांचा चढ चढून जाते.

1952 साली सामूहिक विकास योजना सुरू झाली, तेव्हापासून जीप ही सरकारची खूणच होऊन बसली: गटाचा अधिकारी, वनखाते, हिवतापवाले, तहसील कचेरी, सर्वांच्या दारी ती उभी. मुदत संपली की तिचा लिलाव होई, आणि तेथून तिचे दुसरे आयुष्य सुरू होई. 1973 नंतर पेट्रोल महागले, तेव्हा मूळ इंजिन उतरवून डिझेल इंजिन बसविण्याची प्रथा पसरली. पत्र्याचा मागचा भाग वाढवून बाकडी टाकली गेली, आणि बाजारच्या दिवशी हीच गाडी आतल्या माणसांइतकीच मागे लोंबकळणारी माणसे घेऊन घाट चढू लागली. आज रस्त्यावर उभ्या असलेल्या बहुतेक जुन्या जीपा अशा संमिश्र आहेत, व त्यांची ‘मूळ’ अवस्था शोधू जाणाऱ्याने आधी हे पक्के ध्यानात घ्यावे.

म्हणून माझ्या मते आरंभ पान्याने नव्हे, दस्तऐवजांनी करावा. आरसी बुकातील चॅसी क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकाशी ताडून पाहावा. इंजिन बदलले असल्यास त्याची नोंद परिवहन कचेरीत झाली आहे की नाही याचा शोध घ्यावा. ज्या जीपचे कागद गहाळ आहेत ती कितीही स्वस्त मिळाली तरी महागच पडते.

मग चॅसी. रंगाच्या थराखाली गंज दडतो, म्हणून हातोडीने ठोकीत जावे. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर तेथला पत्रा खाल्लेला समजावा. समोरून तिरक्या दोऱ्या ताणून दोन्ही कर्ण मोजले, म्हणजे अपघातात फ्रेम वाकली आहे काय ते कळते. स्प्रिंगच्या पाट्यांच्या आधारांजवळ व तळाखालच्या पन्हळींत पावसाळी चिखल वर्षानुवर्षे साठतो, आणि सातपुड्यात चाललेल्या गाडीची खरी जखम बहुधा तेथेच सापडते.

इंजिनाच्या बाबतीत उतावळेपणा घातक ठरतो. वर्षानुवर्षे बंद असलेले इंजिन बॅटरी जोडून फिरविण्याचा मोह आवरावा. त्याने रिंगा तुटतात. प्लग काढून (डिझेल असेल तर इंजेक्टर) प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे, काही दिवस मुरू द्यावे, मग हँडल घालून हाताने हळूहळू फिरवावे. ते फिरले म्हणजे ते चांगले, असे मात्र नव्हे. दाब मोजल्याशिवाय बोअर करावा की नाही हे ठरवू नये. प्रत्येक सुटा भाग काढताना त्याचे छायाचित्र घ्यावे, नट-बोल्ट पिशवीत घालून चिठ्ठी बांधावी, वहीत लिहावे. उत्साहात सारी गाडी आठवड्यात सुटी करून टाकणारे बहाद्दर अनेक असतात. तीन वर्षांनी त्यांच्या अंगणात पेटाऱ्यांत भरलेली जीप असते व कोणता वॉशर कोठला हे कोणालाही ठाऊक नसते. इंजिन सुरू होण्याआधी ब्रेक दुरुस्त करावेत, विशेषतः मास्टर सिलिंडर, कारण ज्या घाटासाठी आपण ही गाडी तयार करीत आहोत तो उतरावाही लागतो.

रंगाला सर्वांत शेवटी हात घालावा. तरीही पुष्कळ हौशी मंडळी आधी लष्करी हिरवा रंग फासतात. मुंबईत जुळलेल्या व तहसील कचेरीत झिजलेल्या जीपला युद्धातील वेश चढविणे मला तरी विसंगत वाटते.

आणखी एक निर्णय पहिला नट सैल करण्यापूर्वीच घ्यावा लागतो. 2021 च्या केंद्रीय नियमानुसार 50 वर्षांहून जुनी, खासगी वापराची, आणि चॅसी, हौदा वा इंजिन यांत मोठा बदल न झालेली गाडीच ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. तिला ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते, नोंदणीस 20,000 रुपये शुल्क पडते, व ती प्रदर्शन, मेळावा, इंधन, देखभाल अशा ठरावीक कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. डिझेल बसविलेली जीप या व्याख्येत बसत नाही. तिला पेट्रोल इंजिन पुन्हा शोधून शोभेची करायची, की डिझेलसह साध्या फेरनोंदणीने, दर पाच वर्षांनी तपासणी करून घेत, घाट चढून धडगावच्या बाजाराला जाण्यासाठी ठेवायची, हे मालकाने ठरवावे. मी दुसरा मार्ग पत्करीन, जरी त्यात पाटीवरील मान नाही.