बदलापूरचा पास आणि स्वित्झर्लंडची सरासरी

रेल्वेची प्रवासी वाहतूक दोन तऱ्हांनी मोजतात. गाडीत किती माणसे चढली, ही एक मोजणी. ती किती लांब गेली, ही दुसरी. एक प्रवासी एक किलोमीटर गेला की एक ‘प्रवासी-किलोमीटर’ होतो. युरोपात देशादेशांची तुलना बहुधा याच मापाने होते. एकूण आकड्यात जर्मनी आणि फ्रान्स पुढे दिसतात. लोकसंख्येने भागले की स्वित्झर्लंड पहिला येतो. कोरोनापूर्वी तिथल्या माणसाचा रेल्वेप्रवास वर्षाला सरासरी २,४०० किलोमीटरच्या आसपास होता.

हेच माप मुंबईच्या लोकल मार्गावर कल्याणपुढे लावून पाहावे. सीएसएमटीपासून अंबरनाथ सुमारे ६० किलोमीटरवर, बदलापूर ६८ वर. उल्हासनगर अंबरनाथच्या थोडे अलीकडे. बदलापूरचा पासधारक सीएसएमटीला जाऊन-येऊन रोज १३६ किलोमीटर कापतो. स्विस माणसाची वर्षाची सरासरी तो अठरा दिवसांत गाठतो. सरासरीत गाडीत पाऊलही न टाकणारे धरलेले असतात, त्यामुळे ही तुलना काटेकोर नाही. पण या मार्गावरच्या भाराचा अंदाज तिच्यातून येतो.

वाढीचा कलही तिन्ही गावांत सारखा नाही. २००१ ते २०११ या काळात उल्हासनगरची लोकसंख्या ४ लाख ७४ हजारांवरून ५ लाख ६ हजारांवर गेली. बदलापूरची मात्र ९८ हजारांवरून १ लाख ७४ हजारांवर. म्हणजे माणसे वाढली ती जास्त लांबच्या टोकाला, आणि प्रवासी-किलोमीटर त्याहून वेगाने वाढणार हे उघड होते. रूळ मात्र वाढले नाहीत. कल्याणपर्यंत चार-सहा मार्गिका, पुढे कर्जतकडे दोनच. त्यांवरूनच लोकल, पुण्याच्या एक्स्प्रेस आणि मालगाड्याही धावतात. कल्याण–बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या ‘एमयूटीपी-३ए’ टप्प्यात मंजूर झाली, ती गरजेच्या कितीतरी मागून.

काही प्रवास तर कुठल्याच आकड्यात येत नाही. पासावरच्या फेऱ्या ठराविक हिशेबाने धरतात, प्रत्यक्ष मोजत नाहीत. सकाळी अंबरनाथ-उल्हासनगरचे काहीजण मुंबईला जायचे असूनही आधी उलट दिशेच्या डाउन गाडीने बदलापूरला जातात. तीच गाडी परत फिरते, तेव्हा त्यांना बसायला जागा मिळते. बदलापूरच्या फलाटावर ताटकळलेल्यांच्या वाट्याला मग तिघांच्या बाकावरची चौथी सीट येते, नाहीतर दार.