बॅकअप घेताना सर्व्हरचं लिखाण थांबवतात कसं? समजून घ्या 'फाइलसिस्टिम फ्रीझ'

महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन मिळू लागला. शिरूर असो वा दौंड, जमिनीचा व्यवहार झाला की फेरफाराची नोंद आता सर्व्हरवर होते. सर्व्हर बिघडला तर हाताशी बॅकअप हवा. पण बॅकअप घेताना कोणाची नोंद अर्धीच लिहून झाली असेल तर?

नेमकी अडचण काय?

'सेव्ह' केलं की मजकूर लगेच डिस्कवर जातो, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, तो आधी मेमरीत ठेवतो आणि थोड्या वेळाने डिस्कवर उतरवतो. शिवाय एका नोंदीसाठी डिस्कवर अनेक जागी लिहावं लागतं. मजकूर एकीकडे, तो कुठे ठेवलाय याचा हिशोब दुसरीकडे.

समजा, शिरूर तालुक्यातल्या एका शेताची नोंद अशी अर्धी उतरली आणि त्याच क्षणी डिस्कची प्रत, म्हणजे 'स्नॅपशॉट' घेतला गेला. अचानक लाइट गेल्यावर डिस्कची जी अवस्था असते, तीच या प्रतीची असते. आजच्या बहुतेक फाइलसिस्टिम 'जर्नल' ठेवतात, त्यामुळे त्या सहसा सावरतात. पण मेमरीत राहून गेलेला मजकूर प्रतीत नसतो. आणि हे कळतं बॅकअपची गरज पडते तेव्हाच.

थांबवायचं कसं?

दौंड जंक्शनवरून जाणाऱ्यांना रेल्वेचा 'ब्लॉक' माहीत असतो. रुळाचं काम निघालं की नवी गाडी मागच्याच स्टेशनवर थांबवतात, आधी सुटलेली गाडी पुढे जाऊ देतात, आणि मार्ग मोकळा झाल्यावरच काम सुरू होतं.

लिनक्स कर्नलही असंच टप्प्याटप्प्याने करतो. आधी नवं लिखाण अडवलं जातं आणि सुरू असलेलं पूर्ण होऊ दिलं जातं. मग काही प्रोग्राम फाइल थेट मेमरीत उघडून लिहितात, ती वाटही बंद होते. त्यानंतर मेमरीतला मजकूर डिस्कवर उतरतो. शेवटी फाइलसिस्टिमची स्वतःची अंतर्गत कामं थांबतात. आता प्रत घ्यायची आणि 'थॉ' करायचं, म्हणजे लिखाण पुन्हा सुरू.

या काळात लिहिणाऱ्या प्रोग्रामला 'एरर' येत नाही, तो फक्त थांबून राहतो. वाचणं मात्र सुरूच असतं.

ही सोय आधी एसजीआय कंपनीच्या 'एक्सएफएस' या फाइलसिस्टिममध्ये होती. २००९ मध्ये आलेल्या लिनक्स २.६.२९ पासून ती इतर फाइलसिस्टिमनाही मिळाली. तरी तपासणी आणि प्रत्यक्ष थांबणं यांच्यामधल्या फटीतून एखादं लिखाण निसटू शकत होतं. २०१२ च्या ३.६ आवृत्तीत टप्पे नीट बांधून ती फट बुजवली गेली.

धोका कुठे आहे?

ब्लॉक लांबला की मागे गाड्यांची रांग लागते. इथेही तसंच. विंडोजमध्ये अशा वेळी डिस्कवरचं लिखाण १० सेकंदांपेक्षा जास्त रोखून धरता येत नाही. लिनक्समध्ये 'एफएसफ्रीझ' कमांड दिली, तर 'थॉ' करेपर्यंत सगळं थांबलेलंच राहतं. मुख्य फाइलसिस्टिमच गोठवली, तर 'थॉ'ची कमांड द्यायला लॉगिन करणंही अडकू शकतं, कारण लॉगिनची नोंदसुद्धा डिस्कवरच लिहायची असते. त्यासाठी लिनक्सने 'सिसआरक्यू' आणि 'जे' ही आणीबाणीची कळ ठेवली आहे.

दुसरी मर्यादा म्हणजे, डेटाबेसने स्वतःजवळच ठेवलेला आणि कर्नलकडे अजून न दिलेला मजकूर फ्रीझला दिसत नाही. म्हणून क्रम असा ठेवतात: आधी डेटाबेसला सूचना, मग फ्रीझ, मग स्नॅपशॉट, लगेच थॉ. आणि अधूनमधून तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून पाहणं. शेतकऱ्याची नोंद पूर्ण उतरली आहे की नाही, हे तिथेच कळतं.