कलनाची ओळख – लेखांक ९ : पिंपात मावतं किती?

गेल्या लेखांकात आपण वक्राखालचं क्षेत्रफळ काढलं. आता तोच वक्र अक्षाभोवती पूर्ण फिरवायचा आणि त्यातून तयार होणाऱ्या भरीव आकृतीचं घनफळ काढायचं. बहुतेक पुस्तकं इथे शंकू आणि गोल देऊन मोकळी होतात. पण त्यांची सूत्रं आपल्याला शाळेपासून पाठ असतात, त्यामुळे संकलनाची गरज का पडावी हे उमगतच नाही. म्हणून आपण पिंप घेऊ.

पिंपाचा हा प्रश्न योहानेस केपलरला खरोखरच पडला होता. ऑस्ट्रियातल्या लिंझ शहरात राहत असताना, १६१३ साली, त्याने दुसरं लग्न केलं आणि घरासाठी वाइनची पिंपं घेतली. विक्रेता आला, पिंपाच्या मधल्या भोकातून एक काठी तिरकी आत घातली, ती तळाच्या लांबच्या कडेला टेकवली आणि काठीवरचा आकडा वाचून किंमत सांगितली. बाकी हिशेब काही नाही! केपलर चक्रावला. लांबोडक्या पिंपात आणि बुटक्या पिंपात काठी सारखीच बुडू शकते. मग वाइनही सारखीच कशी असेल?

त्याने याचा छडा लावला आणि १६१५ मध्ये त्यावर अख्खं पुस्तक काढलं. पिंप सरळ नळकांड्यासारखं धरलं, तर ठरावीक काठीला सर्वांत जास्त वाइन तेव्हा मावते, जेव्हा लांबी व्यासाच्या १.४१४ पट, म्हणजे √२ पट असते. ऑस्ट्रियातले कारागीर हे प्रमाण दीडपटीच्या आसपास ठेवत. हिशेब केला तर त्यामुळे पाव टक्काही वाइन कमी होत नाही. मात्र लांबी व्यासाच्या तिप्पट केली, तर काठी तोच आकडा दाखवते आणि वाइन एक तृतीयांशाने घटते. कमाल घनफळाच्या जवळपास फरक नगण्य असतो, हे केपलरच्या ध्यानात आलं. मला त्याच्या पुस्तकातली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

केपलरने हे सारं संकलनाविना केलं. न्यूटन आणि लायब्निझ तेव्हा जन्मलेही नव्हते. आपलं काम सोपं आहे. पिंप आडवं ठेवा. मध्यापासून क्ष अंतरावर त्याची त्रिज्या य आहे असं समजा. तिथे लांबीशी काटकोनात छेद घेतला की वर्तुळ मिळतं, क्षेत्रफळ पाय × य². त्याला किंचित जाडी दिली की चकती झाली. अशा सगळ्या चकत्यांची बेरीज करायची आणि जाडी शून्याकडे न्यायची. म्हणजेच य² चं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत संकलन करून त्याला पायने गुणायचं.

समजा, पिंपाची लांबी ९० सेंमी, पोटाशी त्रिज्या ३५ आणि दोन्ही टोकांशी ३०. फळ्यांचा बाक अन्वस्ताचा, म्हणजे पॅराबोलाचा. मग

य = ३५ − ५(क्ष/४५)²

य² = १२२५ − ३५०(क्ष/४५)² + २५(क्ष/४५)⁴

क्ष −४५ पासून ४५ पर्यंत घेऊन संकलन केलं की ९० × (१२२५ − ३५०/३ + ५), म्हणजे १,००,२०० येतात. पायने गुणल्यावर सुमारे ३,१४,७९० घन सेंमी, म्हणजे जवळजवळ ३१५ लिटर.

३५ आणि ३० यांची सरासरी ३२.५ धरून सरळ नळकांड्याचं सूत्र लावलं असतं, तर २९९ लिटरच आले असते. सोळा लिटर गेले कुठे? पिंपाची त्रिज्या बरीचशी लांबी पोटाच्या मापाजवळच राहते, टोकांकडे जाऊन मग झपाट्याने घटते. दोन मापांची सरासरी ही गोष्ट पाहतच नाही. संकलन प्रत्येक ठिकाणची त्रिज्या विचारात घेतं.

विद्यार्थी एका ठिकाणी हमखास घसरतात: आधी य चं संकलन करतात आणि मग उत्तराचा वर्ग. वर्ग आधी, संकलन नंतर, हा क्रम मोडू नका.

पुढच्या लेखांकात आकृती दुसऱ्या अक्षाभोवती फिरवू. तोवर अर्धवर्तुळ त्याच्या व्यासाभोवती फिरवून हीच कृती करा. उत्तर ४/३ × पाय × त्रिज्या³ आलं नाही, तर वर्गाची पायरी पुन्हा तपासा.