काडतूस पुनर्भरण, लघुव्यासी रायफलींचे

एकदा उडविलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी पुन्हा मूळ आकारात आणून तीत नवी प्रज्वलक टोपी, मोजून घेतलेली दारू व नवी गोळी बसविण्याच्या क्रियेस काडतूस पुनर्भरण म्हणतात. ज्या काडतुसाची टोपी बुडाच्या मध्यभागी असते तेच पुन्हा भरता येते. सर्वपरिचित लहान ०·२२ कडप्रज्वलित काडतुसात स्फोटक मिश्रण बुडाच्या दुमडलेल्या कडेत भरलेले असते आणि आघाताने ती कड चेपते. म्हणून ते एकदाच वापरता येते. पुनर्भरणाचे घटक चार : पुंगळी, टोपी, दारू व गोळी. यांपैकी प्रत्येक घटक स्वतंत्रपणे कितीही चांगला असला, तरी तो उरलेल्या तिहींशी आणि विशिष्ट रायफलीच्या नळीशी जुळणारा असावा लागतो. लहान व्यासाच्या काडतुसात चुकीला वाव फार थोडा असल्याने ही जुळणी विशेष काळजीपूर्वक करावी लागते.

पार्श्वभूमी : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पिकांना व कुरणांना उपद्रव देणाऱ्या लहान प्राण्यांची शिकार करण्यासाठी लघुव्यासी रायफलींचा एक स्वतंत्र वर्ग विकसित झाला. वुडचक, प्रेअरी डॉग, भूखार आणि कायोट हे त्यांतील प्रमुख प्राणी होत. प्रेअरी डॉग हा नावाने कुत्रा असला, तरी तो खारीच्या कुलातील कृंतक आहे. हे प्राणी आकाराने लहान, सावध व मोकळ्या मैदानात राहणारे असल्याने नेम बहुधा १०० ते ३०० मी. अंतरावरून धरावा लागतो. इतक्या अंतरावर गोळी काही सेंमी. बाजूला गेली, तरी प्राणी जखमी होऊन बिळात शिरतो व तेथे सावकाश मरतो. म्हणून अचूकता हा या शिकारीत केवळ कौशल्याचा नव्हे, तर प्राण्याला यातना न होऊ देण्याचाही प्रश्न असतो. कारखान्यात बनलेली काडतुसे सर्व रायफलींना सरासरीने चालतील अशी भरलेली असतात. एकाच रायफलीला नेमकी मानवेल अशी जुळणी साधणे हे पुनर्भरणाचे मुख्य प्रयोजन होय. खर्चाची बचत हे दुसरे कारण आहे.

या व्यवसायाच्या वाढीत उपद्रवी प्राण्यांच्या शिकारीचा वाटा मोठा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत नागरी वापरासाठी गोळ्या मिळेनाशा झाल्या, तेव्हा कॅलिफोर्नियातील फ्रेड हंटिंग्टन यांनी ०·२२ कडप्रज्वलित काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांपासून गोळ्यांची वेष्टने दाबून तयार करण्याचे साचे बनविले. रॉक चक म्हणजे खडकाळ भागातील मार्मोट या प्राण्यावरून त्यांनी साच्यांना नाव दिले. त्याच नावाच्या आद्याक्षरांतून ‘आरसीबीएस’ ही पुनर्भरण-साहित्याची प्रसिद्ध व्यापारमुद्रा रूढ झाली. युद्धानंतर सिएरा (१९४७) व हॉर्नडी (१९४९) यांसारख्या केवळ गोळ्या बनविणाऱ्या कंपन्या पुढे आल्या आणि शिल्लक राहिलेली लष्करी दारू नागरी बाजारात स्वस्त मिळू लागली.

प्रमुख काडतुसे : या वर्गातील पहिले यशस्वी काडतूस म्हणजे सु. १९३० मध्ये बाजारात आलेले ०·२२ हॉर्नेट. त्यातील ४५ ग्रेन (सु. २·९ ग्रॅ.; १ ग्रेन = ६४·८ मिग्रॅ.) वजनाच्या गोळीचा मुखवेग सु. ८२० मी./से. असतो. १९३५ मध्ये विंचेस्टर कंपनीने आणलेल्या ०·२२० स्विफ्टमध्ये ४८ ग्रेनांच्या गोळीला सु. १,२५० मी./से. वेग मिळाला. मात्र इतक्या वेगामुळे नळीच्या घशाची झीज लवकर होते, असा त्याचा लौकिक झाला. रेमिंग्टन कंपनीतील माइक वॉकर यांनी १९५० मध्ये आणलेले ०·२२२ रेमिंग्टन हे अचूकतेसाठी नावाजले गेले. त्याच्याच रचनेतून पुढे ०·२२३ रेमिंग्टन व ५·५६ मिमी. हे लष्करी काडतूस निर्माण झाले. हौशी बंदूककारांनी सॅव्हेज कंपनीच्या ०·२५० काडतुसाची मान अरुंद करून बनविलेल्या २२-२५० या काडतुसास रेमिंग्टनने १९६५ मध्ये प्रमाणित रूप दिले. याहून लहान व्यासाची ०·१७ रेमिंग्टन (१९७१) आणि ०·२०४ रुगर (२००४) ही काडतुसेही प्रचारात आहेत.

नावांतील आकडे दिशाभूल करणारे असतात. ०·२२०, ०·२२२, ०·२२३ व २२-२५० या चारही काडतुसांत गोळीचा व्यास एकच, म्हणजे ०·२२४ इंच (५·६९ मिमी.) असतो, भेद असतो तो पुंगळीच्या आकारमानात. हॉर्नेटच्या पुंगळीत सु. ०·९ मिलि. पाणी मावते, ०·२२३ मध्ये सु. १·९ मिलि., तर २२-२५० मध्ये सु. २·८ मिलि. त्यामुळे गोळी सामाईक असली, तरी दारूची जात व मात्रा सामाईक नसते.

पुंगळी : पुंगळीसाठी सु. ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असलेले पितळ वापरतात. स्फोटाच्या क्षणी पुंगळी फुगून कक्षाच्या भिंतीस घट्ट बसते व वायू मागे येऊ देत नाही; दाब ओसरताच ती किंचित आकुंचन पावते आणि बाहेर काढता येते. वारंवार वापराने पितळ पुढे सरकते व मान लांबते. ०·२२३ रेमिंग्टनच्या पुंगळीची कमाल लांबी ४४·७० मिमी., तर ०·२२२ ची ४३·१८ मिमी. आहे. ही मर्यादा ओलांडल्यास मानेचे टोक कक्षाच्या कडेत अडकून गोळीला आवळून धरते आणि दाब धोकादायक रीतीने वाढतो. म्हणून पुंगळ्या मोजून छाटाव्या लागतात. सतत ताणल्याने कठीण व ठिसूळ झालेल्या मानेचे अनुशीतन करतात. मात्र बुडाला उष्णता लागू देत नाहीत, कारण बूड मऊ झाल्यास ते दाब सहन करू शकत नाही.

निवड करताना सर्व पुंगळ्या एकाच कारखान्याच्या व शक्यतो एकाच खेपेच्या घेणे इष्ट असते. काही पुंगळ्यांच्या, विशेषतः काही लष्करी बनावटीच्या पुंगळ्यांच्या, भिंती जाड असल्याने आतील जागा कमी असते. तीत नेहमीचीच मात्रा घातल्यास दाब अधिक येतो. शिवाय लष्करी पुंगळीत टोपीभोवतीची कड दाबून पक्की केलेली असते व ती काढल्याशिवाय नवी टोपी नीट बसत नाही. बुडाच्या थोड्या वर आतून घळ पडलेली किंवा बाहेरून चकचकीत कडे दिसणारी पुंगळी टाकून द्यावी लागते.

टोपी : टोपीचे दोन प्रकार आहेत व दोन्ही १८६६ च्या सुमारास पुढे आले. इंग्लंडमधील एडवर्ड बॉक्सर यांच्या पद्धतीत ऐरण टोपीतच असते आणि पुंगळीला मध्यभागी एकच छिद्र असते. त्यामुळे जुनी टोपी साध्या सुईने बाहेर ढकलता येते. अमेरिकेतील हायरम बर्डन यांच्या पद्धतीत ऐरण पुंगळीचाच भाग असून छिद्रे बहुधा दोन असतात. पुनर्भरणास बॉक्सर पद्धत सोयीची असल्याने अमेरिकेत इंग्रजी शोध रूढ झाला, तर बर्डन यांची पद्धत इतर अनेक देशांत पसरली. आधुनिक टोपीत लेड स्टिफ्नेट हे मुख्य स्फोटक असते.

हॉर्नेट, ०·२२२ व ०·२२३ यांना लहान रायफल-टोपी (व्यास सु. ४·४५ मिमी.), तर ०·२२० स्विफ्ट व २२-२५० यांना मोठी रायफल-टोपी (सु. ५·३३ मिमी.) लागते. लहान पिस्तूल-टोपीचा व्यास लहान रायफल-टोपीइतकाच असतो; परंतु तिचा पत्रा सामान्यतः पातळ असतो. उच्च दाबाच्या काडतुसात ती वापरल्यास पत्र्याला भोक पडून तप्त वायू नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येऊ शकतो. टोपीची बनावट बदलली, तरीही दाब बदलतो. म्हणून असा बदल केल्यावर दारूची मात्रा पुन्हा खालून वर तपासावी लागते.

दारू : फ्रान्समधील पॉल व्येय यांनी १८८४ मध्ये तयार केलेल्या धूमहीन दारूपासून आधुनिक प्रचोदकांचा आरंभ होतो. केवळ नायट्रोसेल्युलोज असलेली एकमूलक आणि त्यात नायट्रोग्लिसरीन मिसळलेली द्विमूलक, असे तिचे दोन मुख्य वर्ग आहेत. दाण्यांचा आकार नळकांडीसारखा, चकतीसारखा किंवा गोल असतो. दाण्यांचा आकार व त्यांवरील रासायनिक लेप यांनी ज्वलनाचा वेग नियंत्रित केला जातो. गोल दाण्यांची दारू मापातून सारख्या प्रमाणात पडते; नळकांडीसारखे दाणे मापात अडकण्याचा संभव असतो.

सामान्य नियम असा की, पुंगळी लहान व गोळी हलकी असल्यास जलद जळणारी, तर पुंगळी मोठी व गोळी जड असल्यास सावकाश जळणारी दारू योग्य ठरते. हॉर्नेटला योग्य अशी जलद दारू २२-२५० च्या पुंगळीत भरल्यास रायफल फुटू शकते. लहान पुंगळीत मात्रेतील अल्पशी चूकही मोठी ठरते. मात्रा बारा ग्रेनांच्या आसपास असेल, तर अर्ध्या ग्रेनाची चूक चार टक्क्यांहून अधिक होते. साठ ग्रेनांच्या मात्रेत तीच चूक एक टक्क्याहूनही कमी असते. शिवाय दाब मात्रेच्या सरळ प्रमाणात न वाढता त्याहून झपाट्याने वाढतो. १९२६ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन शस्त्र व दारूगोळा उत्पादकांच्या संस्थेने ०·२२३ रेमिंग्टनसाठी सु. ३,८७० किग्रॅ./चौ. सेंमी. आणि २२-२५० साठी सु. ४,५७० किग्रॅ./चौ. सेंमी. ही कमाल दाबमर्यादा ठरविली आहे. विशिष्ट गोळीसाठी विशिष्ट दारूची मात्रा दारू-उत्पादकाच्या चालू तक्त्यावरूनच घ्यावयाची असते. ती अंदाजाने किंवा दुसऱ्याच्या रायफलीवरून ठरविता येत नाही.

गोळी व नळीचा पीळ : गोळीचा गाभा शिशाचा व वेष्टन तांब्याच्या मिश्रधातूचे असते. उपद्रवी प्राण्यांसाठीच्या गोळीचे वेष्टन मुद्दाम पातळ ठेवतात. त्यामुळे गोळी लक्ष्यावर आदळताच फुटते व मृत्यू तत्काळ येतो. जमिनीवर आदळल्यासही तिचे तुकडे होत असल्याने ती उसळून दूरवर जाण्याचा धोका कमी होतो, पण पूर्णपणे टळत नाही. हॉर्नेटच्या वेगासाठी बनविलेली अतिपातळ वेष्टनाची गोळी स्विफ्टमधून सोडल्यास ती हवेतच विदीर्ण होण्याचा संभव असतो.

गोळी हवेत स्थिर राहण्यासाठी तिला नळीतील सर्पिल खाचांमुळे फिरकी मिळते. किती लांबीत खाचांचा एक वेढा पूर्ण होतो, त्यास पीळ म्हणतात. वुलिच येथील गणितज्ञ जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये दिलेल्या सूत्रानुसार, पीळ = १५० × (व्यास)² ÷ गोळीची लांबी. मुखवेग सु. ८५० मी./से. पेक्षा अधिक असल्यास १५० ऐवजी १८० हा गुणक घेण्याचा प्रघात आहे. या हिशेबाने ५·६९ मिमी. व्यासाच्या गोळीसाठी १४ इंचांच्या पिळात सु. १६·४ मिमी., १२ इंचांच्या पिळात सु. १९·१ मिमी. आणि ९ इंचांच्या पिळात सु. २५·५ मिमी. लांबीपर्यंतची गोळी स्थिर राहते. जुन्या ०·२२२ व २२-२५० रायफलींचा पीळ बहुधा १४ इंचांचा असल्याने त्यांत लांब, जड गोळी आडवी होऊन कागदावर लांबट छिद्र पाडते. अशा वेळी दोष दारूत शोधणे व्यर्थ असते.

जुळणी व चाचणी : घटक निश्चित झाल्यावर तक्त्यातील किमान मात्रेपासून आरंभ करून ती अल्प टप्प्यांनी वाढवितात व प्रत्येक टप्प्याची काही काडतुसे कागदी लक्ष्यावर उडवून पाहतात. टोपी सपाट होणे, बोल्ट उघडण्यास जड जाणे, पुंगळीच्या बुडावर चकचकीत ठसा उमटणे किंवा टोपीची खळगी सैल होणे ही अतिदाबाची लक्षणे होत. ती दिसताच चाचणी थांबवून मात्रा कमी करावी लागते. ही लक्षणे बहुधा मर्यादा ओलांडल्यानंतरच दिसतात. म्हणून ती दिसली नाहीत एवढ्यावरून भरणी सुरक्षित ठरत नाही. सर्वांत वेगवान भरणी बहुधा सर्वांत अचूक नसते, असाही अनुभव आहे. कामाच्या मेजावर एका वेळी एकाच जातीची दारू ठेवणे, ती मूळ डब्यातच साठविणे, दोन दारू कधीही न मिसळणे आणि डोळ्यांना चष्मा लावणे हे नियम सर्वमान्य आहेत. आंबूस वास येणारी किंवा तांबूस धूर सोडणारी दारू विघटन पावू लागलेली असते. ती वापरू नये.

शिशाचा प्रश्न : मारलेले लहान प्राणी बहुधा रानातच पडून राहतात. त्यांच्या शरीरातील शिशाचे सूक्ष्म तुकडे गिधाडे, गरुड इ. पक्ष्यांच्या पोटात जाऊन विषबाधा होते. कॅलिफोर्निया कंडोर या दुर्मिळ गिधाडाच्या मृत्यूंचे हे एक प्रमुख कारण ठरले. म्हणून कॅलिफोर्निया राज्याने २०१३ मध्ये कायदा केला व १ जुलै २०१९ पासून बंदुकीने केल्या जाणाऱ्या सर्व शिकारीत शिसेविरहित गोळ्या सक्तीच्या झाल्या. तांब्याची घनता (८·९६) शिशाच्या घनतेहून (११·३४) कमी असल्याने त्याच वजनाची तांब्याची गोळी अधिक लांब होते व तिला अधिक जलद पीळ लागतो. त्यामुळे १४ इंचांच्या पिळाच्या रायफलीत हलकी गोळी निवडणे भाग पडते आणि दारूची मात्राही नव्याने ठरवावी लागते.

भारतातील स्थिती : भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे, त्यामुळे घरगुती पुनर्भरणाची प्रथा येथे रुजलेली नाही. ५·५६ मिमी.ची लष्करी काडतुसे जळगाव जिल्ह्यातील वरणगाव येथील सरकारी मालकीच्या कारखान्यात तयार होतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये शिकारीवर सर्वसाधारण बंदी आहे. या अधिनियमातील उपद्रवी प्राण्यांचे स्वतंत्र परिशिष्ट २०२२ च्या दुरुस्तीने वगळण्यात आले. तथापि कलम ६२ अन्वये केंद्र शासन विशिष्ट प्राणी विशिष्ट क्षेत्रात व ठराविक मुदतीसाठी उपद्रवी म्हणून घोषित करू शकते. या तरतुदीखाली बिहारमधील काही जिल्ह्यांत नीलगाय व रानडुक्कर यांबाबत २०१५ मध्ये अशी अधिसूचना निघाली होती.