गोंदियाच्या थंडीला पुरेल अशी दुलई

विदर्भात थंडीची लाट आली की किमान तापमानाच्या यादीत गोंदियाचं नाव हमखास वर असतं. डिसेंबर-जानेवारीत इथला पारा दहा अंशांच्या खाली उतरणं नेहमीचंच. समुद्र शेकडो किलोमीटर दूर, आभाळ निरभ्र आणि वारा उत्तरेचा, कोरडा. दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता आभाळाकडे सोडते आणि झपाट्याने गार होते. थंड हवा जड असल्याने धानाच्या बांध्यांत, तलावांच्या काठी, खोलगट जागी साचते.

आणि भटकंतीचा हंगामही नेमका हाच. नवेगावबांधच्या तलावावर स्थलांतरित पक्षी आलेले असतात. सालेकसा तालुक्यात हाजरा फॉलकडे तरुणांची पावलं वळतात. माघ पौर्णिमेला कचारगडच्या गुहांकडे गोंड समाजाचे लाखो भाविक येतात, दरेकसा स्टेशनवर उतरून धनेगावकडे चालू लागतात, आणि त्यांतले कित्येक जण रात्र उघड्यावरच काढतात. या सगळ्यांना पाठीवर नेता येईल असं उबदार पांघरूण हवं असतं. दुकानात गेलं तर हिमालयासाठी बनवलेली महागडी स्लीपिंग बॅग पुढे केली जाते. इथल्या रात्रीला तिची गरज नाही. हलकी दुलई आणि तिच्याखाली नीट अंथरूण एवढ्यावर काम भागतं.

ऊब असते हवेत

कापूस, पिसं किंवा पॉलिस्टर यांपैकी काहीच उष्णता निर्माण करत नाही. उष्णता आपलं शरीर तयार करतं. झोपेत प्रौढ माणूस साधारण ७० वॅट उष्णता बाहेर टाकतो. पांघरुणाचं काम ती अडवून धरण्याचं. तेही खरं तर पांघरुणातली स्थिर हवा करते, कारण हवा उष्णतेची अतिशय मंद वाहक आहे. पाणी हवेच्या वीसपटींहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेतं. धागे फक्त त्या हवेला लहान लहान कप्प्यांत कोंडून ठेवतात, तिला वाहू देत नाहीत. म्हणून पांघरुणाचं वजन किती यापेक्षा ते किती फुगतं याला महत्त्व.

स्लीपिंग बॅगेची अडचण इथेच आहे. तिचा जो भाग पाठीखाली येतो, तो अंगाच्या भाराने दबतो. चार सेंटिमीटरचं भरण काही मिलिमीटरवर येतं, हवा निघून जाते आणि ऊबही. त्या कापडाचे, भरणाचे पैसे आपण मोजलेले असतात, ओझंही वाहिलेलं असतं. दुलईत हा दबणारा भाग नसतो. चेन आणि टोपीही नसते. किंमत आणि वजन दोन्ही कमी होतात ते त्यामुळे.

जाडी किती हवी?

याचा हिशेब मांडता येतो. शरीराच्या ७० वॅटपैकी काही श्वासावाटे आणि घामावाटे जातात. उरलेले साधारण ६० वॅट सुमारे १.८ चौरस मीटर त्वचेतून बाहेर पडतात, म्हणजे दर चौरस मीटरला ३३ वॅट. त्वचा ३३ अंशांवर आणि बाहेर ८ अंश असतील, तर फरक २५ अंशांचा. चांगल्या फुगलेल्या भरणाची वाहकता दर मीटर, दर अंश ०.०४ वॅट धरली, तर लागणारी जाडी निघते तीन सेंटिमीटर.

पण थंडीची लाट सरासरी पाहून येत नाही. २९ डिसेंबर २०१८ रोजी विदर्भातल्याच नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत घसरला होता. त्या तापमानाला हाच हिशेब साडेतीन सेंटिमीटरवर जातो. कडेने शिरणारी हवा धरून चार सेंटिमीटर फुगणारी दुलई घेतली, तर गोंदिया जिल्ह्यातल्या बहुतेक रात्री निभावतात. जाडी तपासायला फूटपट्टी पुरे. दुलई सपाट पसरून तासभर फुगू द्यावी आणि न दाबता मधोमध आणि कडेला मोजावी.

स्लीपिंग बॅगच घ्यायची असेल, तर पिशवीवरचे आकडे नीट वाचावेत. आयएसओ २३५३७ या प्रमाणकानुसार ‘कम्फर्ट’, ‘लिमिट’ आणि ‘एक्स्ट्रीम’ अशी तीन तापमानं दिलेली असतात. शेवटचं तापमान आरामाचं नव्हे. त्या थंडीत जीव कसाबसा तगतो, शरीर धोकादायकरीत्या गार पडू शकतं. आपण पाहायचं ते कम्फर्ट.

आधी अंथरूण

पाठीकडून जाणारी उष्णता दुलई अडवू शकत नाही, म्हणून पहिला खर्च अंथरुणावर करावा. ओलसर माती उष्णता झपाट्याने ओढून घेते आणि कितीही घेतली तरी लवकर तापत नाही. इथे न दबणारा थर लागतो. बंद कप्प्यांचा फोम, म्हणजे योगासाठी मिळते तसली पण घट्ट, एक सेंटिमीटर जाडीची चटई हे काम चोख करते. गारठा जास्त असेल तर अशा दोन एकावर एक घालाव्यात.

गोंदिया हा धानाचा जिल्हा, त्यामुळे मुक्काम गावात असेल तर तणीस मागता येते. धानाच्या काडीच्या पोकळीत आणि काड्यांच्या मधल्या फटींत हवा अडकलेली असते. दबल्यावर चार-पाच बोटं उरेल इतका कोरड्या तणशीचा थर आणि त्यावर सतरंजी घातली, की जमिनीचा गारवा पाठीपर्यंत येत नाही. मात्र तणीस कोरडी हवी आणि शेकोटी तिच्यापासून लांब.

भरण आणि शिवण

घरची कापसाची रजई उबदार खरी, पण तीन-चार किलोंचं ओझं पाठीवर कोण वाहणार? शिवाय कापूस ओलावा धरतो आणि तलावांच्या या जिल्ह्यात पहाटे दव भरपूर पडतं. बदकाची किंवा हंसाची पिसं वजनाला सर्वांत हलकी. पण महाग, आणि ओली झाली की गोळा होतात. पोकळ पॉलिस्टर धागा, ज्याला बाजारात सरसकट रेक्रॉन म्हणतात, तो पाणी जवळजवळ शोषत नाही आणि दमट झाला तरी बराचसा फुगलेला राहतो. कमी खर्चात इथल्या हवेला तोच सोयीचा.

हे भरण थान स्वरूपात, जीएसएमवर, म्हणजे दर चौरस मीटरच्या ग्रॅम वजनावर विकलं जातं. जिल्ह्यातल्या थंडीसाठी २०० ते २५० जीएसएम घ्यावं. दोन मीटर लांब आणि १.४ मीटर रुंद दुलईत ते ५६० ते ७०० ग्रॅम बसतं. वर-खाली पातळ पॅराशूट कापड लावलं तरी सगळं मिळून किलोच्या आसपास राहतं.

शिवताना नेहमीच्या रजईसारख्या दाट ओळी मारू नयेत. प्रत्येक ओळीवर जाडी शून्य होते आणि तिथून ऊब निसटते. कडा शिवून मध्ये वीतभर अंतरावर सैल टाके घालावेत. पायाकडचा हात-दीड हात भाग शिवून पिशवीसारखा बंद करावा, गळ्याशी नाडी ओवावी आणि चटईखालून बांधता येतील असे दोन पट्टे लावावेत. कुशीवर झोपणाऱ्याने रुंदी थोडी वाढवावी.

दव, डोकं आणि मर्यादा

निरभ्र रात्री उघड्यावरचं कापड आभाळाकडे उष्णता सोडून भोवतालच्या हवेहूनही गार होतं आणि त्यावर दव साचतं. त्यामुळे झाडाखाली, मंडपात किंवा वर ताणलेल्या ताडपत्रीखाली झोपावं. प्लॅस्टिक अंगाभोवती गुंडाळू नये. घामाची वाफ आत कोंडून दुलई भिजते. दुलईला टोपी नसल्याने माकडटोपी हवीच. डोकं म्हणजे शरीराचा जेमतेम दहावा भाग, पण बाकी अंग झाकलं की उघड्या डोक्यातून जाणारी ऊब जाणवण्याइतकी असते.

दुलईला मर्यादा आहेत. हिमालयातल्या बर्फात, वादळी वाऱ्यात, शून्याच्या बऱ्याच खाली बंद स्लीपिंग बॅगच सुरक्षित. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात तर पायी फिरून उघड्यावर झोपण्याचा प्रश्नच येत नाही. मुक्काम वनविभागाने परवानगी दिलेल्या जागीच.

खर्चाचा क्रम मात्र ठरलेला असावा: आधी चटई, मग भरण, मग टोपी. एखाद्या थंड रात्री घराच्या गच्चीवर झोपून पाहावं, कुठून गार लागतं ते हेरावं आणि मगच प्रवासाला निघावं. गावातला रजईवाला आणि शिलाई मशीन चालवणारी बाई यांना ही मापं दिली, तर अशी दुलई याच जिल्ह्यात शिवून होईल. थंडीतल्या भटकंतीसाठी आणि यात्रेसाठी ती परवडणारी असेल, आणि शिवणाऱ्या हातांना हंगामाचं कामही मिळेल.